पिरॅमिडच्या मजुराला हसवायचं कसं

एकांकिकेत, मुलांच्या गोष्टीत किंवा संग्रहालयातल्या फलकावर पिरॅमिड आला, की त्याच्यापुढची माणसं एक तर हात जोडून उभी असतात, नाही तर पाठीवर कोरडे खात असतात. वर्षानुवर्षं दगड ओढणारी ती माणसं कधी हसलीच नाहीत, असं धरून लिहिलं की पात्रं लाकडी होतात. ती हसत होती. त्यातलं काही लिहून ठेवलेलं आजही वाचता येतं. ते नीट पाहिलं तर त्याच मापानं नवा विनोद बेतता येतो. इथे दिलेली रीत लेखकांसाठी आहे आणि स्मारकं दाखवणाऱ्या गाइडांसाठीही.

आधी खरे नमुने

सगळ्यात चांगला माल रोममध्ये मिळतो. इ.स. 64 च्या आगीनंतर सम्राट नीरोनं शहराच्या मधोमध सोन्याचा महाल बांधायला घेतला. तेव्हा भिंतींवर दोन ओळी फिरू लागल्या: रोमचं आता एकच घर होणार, नागरिकांनो, वेईला जा, पण ते घर वेईपर्यंत पोचलं नसेल तरच. वेई हे रोमपासून पंधरा-सोळा किलोमीटरवरचं जुनं गाव. गॉल लोकांनी रोम लुटलं तेव्हाही ‘सगळे वेईला जाऊ’ असा विचार निघाला होता, हे प्रत्येक रोमनाला पाठ होतं. म्हणजे दोन ओळींत राजाची हाव आली, शहराची जुनी जखमही आली, आणि लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

पुढचा एक सम्राट डोमिशियन, त्यानं शहरभर कमानी उभ्या केल्या. त्यातल्या एका कमानीवर कुणीतरी ग्रीकमध्ये एकच शब्द लिहिला: ‘आर्केइ’, म्हणजे ‘पुरे’. लॅटिनमध्ये कमानीला ‘आर्कुस’ म्हणतात. मराठी रंगमंचावर हे समजावत बसलात तर विनोद तिथेच मेला. आपल्याकडे ‘कमाल’ तयार आहे. नव्या कोऱ्या कमानीवर कोळशानं ‘कमाल’ एवढंच लिहिलेलं दाखवा. शेवटचं एक अक्षर बदललं की ‘अति झालं’ आणि ‘मर्यादा आली’ असे दोन्ही अर्थ आपोआप येतात.

ग्रीसमध्ये ऑलिंपियाला शिल्पकार फिडियसनं घडवलेला झ्यूस देव सिंहासनावर बसलेला होता आणि त्याचं डोकं छताच्या अगदी जवळ होतं. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो म्हणतो, देव उभा राहिला तर देवळाचं छप्परच उडेल. शंभराहून अधिक वर्षांनी हाच विनोद पुन्हा सापडतो. रोमन सम्राट हेड्रियननं स्वतः काढलेला व्हीनस आणि रोमा यांच्या देवळाचा आराखडा वास्तुकार अपोलोडोरसकडे पाठवला. त्यावर अपोलोडोरस म्हणाला, देवींना उठून बाहेर जायचं झालं तर जाता येणार नाही. इतिहासकार डिओ सांगतो की हे बोलणं त्याच्या जिवावर बेतलं.

चौथा नमुना इ.स. 357 चा. सम्राट कॉन्स्टँटियस रोममध्ये, जुन्या सम्राट ट्रेजननं बांधलेल्या चौकात आला. चौक बघून दिपला, आणि निदान मधल्या पुतळ्यातल्या घोड्यासारखा घोडा तरी आपण करू, असं म्हणाला. बरोबर इराणी राजपुत्र होर्मिस्दास होता. तो म्हणाला, आधी असा तबेला बांधा.

आता कमानीची कोटी सोडून बाकीचे विनोद एका रांगेत ठेवा. नीरोचा महाल घर म्हणून मोजला आहे, चौक तबेला म्हणून, देऊळ छप्पर आणि दार म्हणून. स्मारकाची भव्यता कुणीच नाकारत नाही. ते वापरायची वस्तू असल्यासारखं बघतात आणि मग वस्तू मापात बसत नाही. ‘एवढा मोठा, पण निरुपयोगी’ असं थेट म्हणणारा माणूस त्या काळात होता. रोमच्या जलवाहिन्या सांभाळणाऱ्या फ्रॉन्टिनसनं पिरॅमिडना रिकामटेकडे म्हटलं होतं. पण तो टोमणा आहे. हसू येत नाही, कारण त्यात मोडायला काही ठेवलेलंच नाही.

पहिलं काम: साल ठरवा

जागा नंतर, साल आधी. बहुतेक विनोद इथेच फसतात. गिझाचा सगळ्यात मोठा पिरॅमिड खुफू राजाचा. त्याच्या काळात तो पायऱ्यापायऱ्यांचा दिसत नव्हता. त्यावर तुर्राच्या खाणीतल्या पांढऱ्या चुनखडीचं गुळगुळीत अस्तर होतं, त्यामुळे ‘चढून बघ’ हा विनोद चालत नाही. स्फिंक्सच्या नाकावरचा विनोद फॅरोंच्या काळात कुणी करू शकत नाही, नाक तेव्हा जागेवर होतं. पण स्फिंक्स वाळूत बुडाल्याचा विनोद हजारभर वर्षांनंतरच्या, ‘नवं राज्य’ म्हणतात त्या काळात चालतो, कारण तेव्हाच्या चौथ्या थुटमोस राजाच्या शिळेत ती वाळू काढण्याची गोष्टच कोरलेली आहे. इजिप्तमधला मेम्नॉनचा पुतळा पहाटे गातो ही थट्टा इ.स.पू. 27 च्या सुमाराच्या भूकंपाआधी घालू नका, तोवर तो गप्पच होता. रोममधल्या कलोसियमला ते बांधलं तेव्हा कलोसियम म्हणत नव्हते.

वस्तूंची गाळणी याच टप्प्यावर लावा. खुफूच्या मजुराजवळ घोडा नाही, नाणं नाही, लोखंडी छिन्नीही नाही, छिन्नी तांब्याची. मिरची, बटाटा, टोमॅटो तर नाहीतच. भाकर मात्र बिनधास्त लिहा, कारण त्यांचा मुख्य गहू म्हणजे आपला खपली. साताऱ्या-सांगलीकडच्या वाचकाला हा एक शब्द दहा ओळींचं वर्णन देऊन जातो. बरोबर जवाची बिअर, कांदा, लसूण, मुळा. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसला पिरॅमिडवरचा मजकूर म्हणून जे वाचून दाखवलं गेलं, ते मजुरांच्या मुळा-कांदा-लसणाचं 1600 टॅलेंट (टॅलेंट हे जुनं वजन) चांदीचं बिल होतं. ज्या दुभाष्यानं ते वाचून दाखवलं, त्याच्यावर एक स्वतंत्र एकांकिका होईल.

‘गुलाम आणि चाबूक’ हा साचा टाळा. गिझाच्या पिरॅमिडजवळ बांधकाम करणाऱ्यांच्या थडग्या आहेत, त्यांची वस्ती आणि भट्ट्या उकरून काढल्या आहेत, गुराढोरांची हाडं सापडली आहेत. लोक सक्तीनं आलेले असतील, थकलेले असतील, पण खाऊनपिऊन होते आणि टोळ्याटोळ्यांनी एकमेकांशी चढाओढ करत होते. चढाओढ असली की थट्टा आलीच.

दुसरं काम: त्याच्या मापात मोजा

मीटर बाजूला ठेवा. इजिप्तचा राजहात सुमारे 52.4 सेंटिमीटर, म्हणजे 7 तळवे, म्हणजे 28 बोटं. साधा हात 6 तळव्यांचा, 24 बोटांचा. आपल्याकडचा जुना हातही 24 अंगुळांचाच, त्यामुळे मराठी वाचकाला हे लगेच कळतं. खुफूचा पिरॅमिड 280 राजहात उंच आणि पायाला 440 राजहात. आता या फरकातून विनोद काढा:

‘दगड मोजताना राजाचा हात आपल्याहून चार बोटं लांब. भाकरी मोजताना त्याच हाताची फक्त चार बोटं.’

इथे आकड्यानं काम केलंय. ‘राजा कंजूष आहे’ असं लिहिलं असतं तर तो कुठल्याही राजाला लागला असता. हीच तुमची पहिली कसोटी: स्मारकाचं नाव बदलून बघा. ताजमहालावर, किल्ल्यावर, धरणावर तोच विनोद जसाच्या तसा बसला तर तो टाका.

तिसरं काम: बोलणारा कोण, आणि ऐकतंय कोण

हे सोडलं तर पात्र पहिल्याच अंकात मरायला हवं. अपोलोडोरसचं काय झालं ते वर आलंच आहे. राजावर बोलायच्या तीन सुरक्षित वाटा जुन्या माणसांनी वापरल्या. एक, निनावी भिंत. दोन, पाहुणा, कारण होर्मिस्दाससारख्या राजपुत्राला सम्राट हसून सोडतो. तीन, प्राणी. राजांच्या थडग्या कोरणारे कारागीर देर अल-मदिना या गावात राहत. तिथल्या एका पपायरसावर उंदीरराजा रथातून मांजरांच्या किल्ल्यावर चाल करून जातोय आणि रथाला कुत्रे जुंपलेत. देवळाच्या भिंतीवर फॅरोची जी वीरमुद्रा कोरलेली असते, तीच इथे उंदराला दिली आहे. दिवसभर खऱ्या भिंतींवर काम करणारा आणि संध्याकाळी हे बघून हसणारा माणूस एकच असू शकतो, हे लक्षात ठेवा. रथ मात्र खुफूच्या काळात नेऊ नका.

मुकादमावर, शेजारच्या टोळीवर, कारकुनावर बोलायला कुणाचीच भीती नाही, म्हणून मजुराच्या तोंडी याच थट्टा जास्त घाला. टोळ्यांची नावं दगडांवर लाल रंगात सापडतात. त्यातलं एक ‘खुफूचे मित्र’, आणि नंतरच्या मेनकाउरे राजाच्या पिरॅमिडकडचं एक ‘मेनकाउरेचे झिंगलेले’ असं वाचलं जातं. टोळ्यांची आतली विभागणीही जहाजावरच्या बाजूंच्या नावांनी होई. सरकारी बांधकामावर हे नाव ठेवणाऱ्यांना विनोद शिकवायची गरज नाही. आपण फक्त शेजारच्या टोळीला एक ओळ द्यायची:

‘हे खुफूचे मित्र. खुफूला विचारू नका.’

लेखनिक बोलत असेल तर थाट वेगळा. रामसेस नावाच्या राजांच्या काळात होरी नावाच्या लेखनिकानं दुसऱ्याला पाठवलेलं खोचक पत्र उपलब्ध आहे. त्यात तो गणित घालतो: 730 हात लांब, 55 हात रुंद उतरण बांधायची, आत 120 कप्पे, ते बोरू आणि ओंडक्यांनी भरलेले, विटा किती लागतील? सगळे लेखनिक जमले, कुणालाच येईना, म्हणून तुझ्याकडे आलेत, तू हुशार ना, सांग लवकर. लेखनिकाचा विनोद असा नम्र असतो. तो स्मारकावर हसत नाही, ते मोजता न येणाऱ्या सहकाऱ्यावर हसतो. उंची, रुंदी, कप्पे असे आकडे ओळीनं येऊ द्या आणि शेवटी ‘आपण जाणताच’ असा मान द्या.

कामचुकारांसाठीही खरा आधार आहे. दुसऱ्या रामसेसच्या 40 व्या राज्यवर्षातली हजेरी चुनखडीच्या एका तुकड्यावर लिहिलेली आहे: कुणाला विंचू चावला, कुणी बिअर काढत होता, कुणी आईचं शव गुंडाळत होता. ही कारणं बदलू नका. जशी आहेत तशी मुकादमाला कोरड्या आवाजात वाचायला लावा आणि पाचव्या-सहाव्या नावाला तेच कारण पुन्हा येऊ द्या. आई दुसऱ्यांदा मेली की प्रेक्षक आपणच हसतात.

एक विनोद घडवून बघू

दहशूरचा वाकडा पिरॅमिड घ्या. खुफूचा बाप स्नेफ्रू, त्याच्यासाठी बांधताना खालचा भाग सुमारे 54 अंशांच्या उताराचा होता. जमीन पुरेशी पक्की नव्हती, आत तडे जाऊ लागले, तेव्हा मधूनच उतार 43 अंशांच्या आसपास आणला. आजही तो खांद्यातून वाकल्यासारखा दिसतो.

पहिला खर्डा बहुतेकांचा असा होतो: ‘अरे, हा तर वाकडाच झाला! कारागिरानं बिअर जास्त घेतली वाटतं.’ यात तीन दोष आहेत. ‘वाकडा’ हे आपण बाहेरून बघतोय, काम करणारा तसं म्हणणार नाही, त्याला उतार बदलला हे माहीत आहे. बिअरचं कारण कुठल्याही चुकीला लागतं. आणि उद्गारचिन्हानं हसा म्हणून सांगितलं की कुणी हसत नाही.

दुसऱ्या खर्ड्यात खरं कारण आणा: ‘जमीन खचली, तडे गेले, म्हणून उतार कमी केला.’ माहिती बरोबर आहे, विनोद नाही. आता विचारा, राजाला हवं काय होतं? आभाळाला भिडणारं टोक. उतार कमी केल्यावर टोक ठरल्यापेक्षा खाली येतं. मग दोष कुणाच्या माथी मारायचा? दगडाच्या नाही, राजाच्या नाही. आभाळाच्या.

‘हुकूम होता, आभाळाला टेकवा. निम्म्यावर तडे गेले. मग आभाळच खाली घेतलं.’

तीन वाक्यं, अकरा शब्द. मराठीत क्रियापद शेवटी येतं याचा इथे फायदा होतो, कारण ‘घेतलं’ ऐकेपर्यंत वाक्याचा अर्थ लागत नाही. त्यानंतर एकही शब्द नको. ‘...असं म्हणून सगळे खो खो हसले’ असं लिहायचा मोह होतो, तो आवरा. मुकादमानं नुसता ओळंबा गुंडाळून खिशात, नव्हे, कमरेला खोचावा. खिसा तेव्हा नव्हताच; अशा चुका आपल्याही हातून होतात, म्हणून शेवटी वस्तूंची गाळणी परत एकदा फिरवा.

पर्यटकाची थट्टा

हा प्रकार लोक विसरतात आणि सगळ्यात सोपा आहे, कारण इजिप्तची स्मारकं प्राचीन काळीच जुनी झाली होती. तिसऱ्या थुटमोस राजाच्या 41 व्या वर्षी, म्हणजे सुमारे इ.स.पू. 1440 मध्ये, एक लेखनिक मैदूमला स्नेफ्रूचं देऊळ बघायला आला. वास्तू तेव्हा अकराशे वर्षांहून जुनी होती. भिंतीवर त्यानं लिहिलं की आत जणू आभाळच आहे आणि त्यात सूर्य उगवतोय. आकाशातून ताजा हिराबोळ बरसो, छतावर धूप ठिबको. अशा नोंदींचा ठरलेला साचा होता. साचा दिसला की विनोदाचं अर्धं काम झालं. पहिला भाग जसाच्या तसा ठेवायचा आणि शेवट पायाखालच्या वास्तवावर आणायचा:

‘छतावर धूप ठिबको. तूर्त वटवाघळं ठिबकतायत.’

दुसऱ्याच्या अक्षराला नावं ठेवणं हाही जुनाच धंदा. सक्कारात जोसर राजाच्या पिरॅमिडशेजारच्या भिंतीवर एक लेखनिक आधीच्या लोकांच्या गिरगोट्यांवर वैतागलाय: हे लेखनिकच नव्हेत, लेखनाचा देव थोथ, त्यानं यांना काही शिकवलेलं नाही. आणि हे त्यानंही भिंतीवरच लिहिलंय. पाँपेईत याची पुढची पायरी सापडते: भिंती, इतक्यांचं कंटाळवाणं लिखाण अंगावर घेऊन तू अजून कोसळली कशी नाहीस याचंच नवल. राजांच्या दरीत, सहाव्या रामसेसच्या थडग्यात, रोमन काळातले ग्रीक पाहुणे लिहून गेलेत. एकाला शवपेटी सोडून काहीच आवडलं नाही. एकाला अक्षरं वाचता येईनात, त्याखाली दुसऱ्यानं विचारलंय की तुला त्याचं काय करायचंय. ही उत्तराला उत्तर देणारी भिंत रंगमंचावर फार चांगली चालते. दोन नट, एक कोळसा आणि मागे उंच पांढरा पडदा पुरतो.

शहरातल्या गरिबाचा आवाज हवा असेल तर रोममधला केस्टियस नावाच्या माणसाचा थडग्याचा पिरॅमिड घ्या. त्यावर कोरलंय की मृत्युपत्राप्रमाणे काम 330 दिवसांत पूर्ण झालं. शेजारच्या चाळवजा इमारतीतला भाडेकरू हे वाचून काय म्हणेल?

‘आमचा जिना तीन वर्षं तुटलेला. मेलेल्याला घर 330 दिवसांत.’

भाषेबद्दल

‘हे राजन’, ‘महाराजांचा विजय असो’ ही पौराणिक नाटकाची भाषा मजुराच्या तोंडी नको. दुसऱ्या टोकाला जाऊन ‘भावा’, ‘लय भारी’ही नको, त्यानं काळ विरघळतो. बांधकामावरचे मराठी शब्द मधला रस्ता देतात: मुकादम, पाथरवट, गवंडी, ओळंबा, गुण्या, पहार, भराव, उतरण. टोळीतले एकमेकांना ‘अरे’, ‘गड्या’, मुकादमाला ‘तुम्ही’, लेखनिकाला ‘आपण’, आणि त्यात किंचित खोच. खुफूच्या नावावर मराठी कोटी करू नका. विनोद भाषांतरात टिकायचा तर तो मापातून, वापरातून, पोटातून यावा लागतो. कोटी हवीच असेल तर ‘कमाल’सारखी, जिथे मूळ विनोदही कोटीच होता.

वेरूळला हेच लावायचं तर

कैलास लेण्याला ही रीत नीट बसते, कारण तिथे अर्धा विनोद जुन्या माणसांनीच लिहून ठेवलाय. इ.स. 812 च्या बडोद्याच्या राष्ट्रकूट ताम्रपटात म्हटलंय की विमानातून जाणारे देव हे देऊळ बघून चकित झाले, हे कुणी घडवलेलं असूच शकत नाही म्हणाले. आणि खुद्द घडवणाऱ्यालाही, असं दुसरं करायला न धजता, आपण हे केलं तरी कसं असं वाटलं. स्तुतीच आहे, पण ‘मी हे कसं केलं’ हे वाक्य पाथरवटाच्या तोंडी ठेवलं की ते स्तुती राहत नाही.

मापं आणि वापर बघा. डोंगर वरून खाली कोरत आणला, म्हणजे कळस आधी आणि पाया शेवटी. चुकलेला दगड परत लावता येत नाही. दिवसभर टाकीवर घण घालणाऱ्याला हे रोज माहीत असणार. त्यातून:

‘बाकीच्यांचा पाया चुकला तर कळस पडतो. आपला कळस चुकला, तर डोंगर आणायचा कुठून?’

गाइड असाल तर ही ओळ देवळासमोर उभं राहून म्हणू नका. वरच्या कड्यावर, जिथून शिखर डोळ्यांच्या खाली दिसतं, तिथे म्हणा, आणि त्याआधी लोकांना अर्धा मिनिट नुसतं खाली बघू द्या.